मामा बेरोजगार झाला तेव्हा

माझा मामा बेरोजगार झाला त्या दिवशी आमच्या घरी गोड केलं होतं. थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं सगळं खानदानच सटकलंय.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, का नाही विचारलं की म्हणतो कोणी मागेच लागलं नाही. आमच्याकडेच राहतो, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, जिला दार नाही, पडदा आहे. आयुष्यभर त्याने एकच काम केलं, चष्म्याच्या काचा घासायचं. चाकावर पाणी सोडायचं, घासायची पूड टाकायची आणि हवा तो नंबर येईपर्यंत काच धरून बसायचं. त्या पुडीने त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीयेत की फोनचं बोटाचं कुलूप त्याला ओळखतच नाही. गल्लीत सगळे त्याला भिंगमामा म्हणतात. कोणाचाही चष्मा हातात घेतो, खिडकीकडे धरून जरा मागेपुढे करतो आणि नंबर सांगतो, वर एक टोमणा फुकट. "डावी काच तिरकी बसलीय. कोणी बसवली, सुताराने?"

मग तयार काचा यायला लागल्या. कुठून तरी लांबून, यंत्रावर कापलेल्या, खोक्यात भरून. मालकाने कारखान्याला कुलूप लावलं, चाकं भंगारात गेली, मामा एक पिशवी घेऊन घरी आला आणि पडद्यामागे गेला. म्हणजे बाहेर यायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा, माझी थट्टा करायचा, सगळं करायचा. पण कामाचं नाव काढलं की पडदा. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. मला वाटायचं आळशी झालाय. तसं नव्हतं. मामाने आयुष्यात कधी कोणाकडे काम मागितलंच नव्हतं, मिसरूड फुटायच्या आधी आजोबांनी हाताला धरून नेऊन त्या कारखान्यात बसवलं ते बसवलं. आता पन्नाशी उलटल्यावर अनोळखी माणसासमोर उभं राहून मला काम द्या म्हणायचं, या विचारानेच तो पडद्यामागे पळायचा.

आणि आई त्याला पाठीशी घालायची. कोणी विचारलं भाऊ काय करतो, की ती सुचेल ते ठोकून द्यायची. शेजारच्या काकूंना सांगितलं स्वतःचं दुकान टाकायचं बघतोय. दूधवाल्याला सांगितलं पाठ धरलीय. मावशीला सांगितलं दमलाय, जरा आराम करतोय. एकदा ते तिघं आमच्या जिन्यात एकमेकांना भेटले आणि मग कळलं की मामा पाठ दुखत असताना आरामात दुकान टाकतोय.

तर अशा घरात एक सर्व्हेवाली ताई आली. खांद्याला झोळी, हातात टॅब, चपला धुळीने माखलेल्या, आल्या आल्या पाणी मागितलं. सांगितलं की रोजगाराची पाहणी चाललीय, तुमचं घर चिठ्ठीत निघालंय, वर्षभरात चारदा येईन, दर तीन महिन्यांनी, तेच प्रश्न विचारीन. आई म्हणाली, "तेच प्रश्न चारदा? एकदा ऐकून समजत नाही का तुम्हाला?" मी मात्र जाम खूश, कारण माझं दुसरं वर्ष, विषय अर्थशास्त्र, आणि पुस्तकातली गोष्ट चपला काढून आमच्या सतरंजीवर बसली होती.

बाबांचं झालं, आईचं झालं, मग मामा. मामा पडद्यामागे. आईच बोलायला लागली.

"गेल्या सात दिवसांत त्यांनी पैशासाठी किंवा कसल्याही मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलं?"

"नाही."

"एक तासही नाही?"

"अहो, नाही म्हणतेय ना."

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं?"

"नाही."

"त्यांना काम हवंय का?"

"त्याला काय गरज? हे घर त्याचंच आहे."

ताईने टॅबवर बोट टेकवलं. मी लगेच शहाणपणा करायला पुढे, "म्हणजे मामा बेरोजगार."

"नाही," ताई म्हणाली. "ते बेरोजगार नाहीत."

आईचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंस? उगाच कोणाला काही म्हणू नये."

तेवढ्यात पडदा हलला. मामा बाहेर आला, चष्मा कपाळावर, हातात अर्धवट सोलून ठेवलेलं संत्रं. "मी बेरोजगार नाही? मग मी कोण आहे?"

ताई बिचारी गडबडली. पण चांगली होती, टाळलं नाही. म्हणाली, "काका, असं समजा की सगळा देश म्हणजे हे तुमचं घर. ज्यांना काम आहे ते या हॉलमध्ये बसलेत. ज्यांना काम नाही, पण शोधतायत आणि मिळालं तर लगेच जातील, ते दारात उभे आहेत. ते बेरोजगार. हॉलमधले आणि दारातले मिळून श्रमशक्ती. त्यातले शंभरात किती जण दारात उभे आहेत, तेवढा बेरोजगारीचा दर."

"आणि मी?"

"तुम्ही आतल्या खोलीत." ती पडद्याकडे बघून म्हणाली आणि मग तिलाच कसंतरी झालं. "म्हणजे काम नाही आणि शोधतही नाही असे सगळे. म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, घर सांभाळणाऱ्या बायका, हिच्यासारखे शिकणारे."

"हिच्याबरोबर?" मामाने माझ्याकडे बोट केलं. "ही दुपारी बारापर्यंत झोपते."

"मामा, मी रात्री अभ्यास करते."

"घोरण्याचा?" मग तो ताईकडे वळला. "म्हणजे शोधायचं सोडून दिलं की माणूस बेरोजगार राहत नाही?"

"मोजणीत नाही राहत."

"उद्या सगळ्यांनीच शोधायचं सोडलं तर?"

"तर दर शून्य, काका."

"झकास," मामा म्हणाला. "सगळा देश पडद्यामागे आणि बेरोजगारी शून्य."

आम्ही हसलो, तोही हसला. ताईच्या चष्म्याची दांडी सैल होती, तो चष्मा त्याने मागून घेतला, खिशातल्या बारक्या पेचकसाने दांडी आवळून दिली आणि आत गेला. संध्याकाळी टीव्ही बघायला आला नाही. जेवताना एकदाच बोलला, तेही भाताकडे बघत. "घासून घासून एवढ्या काचा केल्या. आणि मला कुठे ठेवलं, तर हिच्या रांगेत."

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. मामाला काम हवं होतं का, तर ते तो अजूनही बोलत नव्हता. पण त्याला दारात यायचं होतं, आणि पुढच्या वेळी ती ताई विचारील तेव्हा मान खाली घालायची नव्हती. मला त्याचं हे सगळं समोर दिसत होतं आणि खरंच सांगते, परीक्षेच्या निकालाची मी इतकी वाट कधी बघितली नाही.

तीन महिन्यांनी ताई आली तर मामा दाढी करून हॉलमध्ये बसलेला, आईच्या आधी.

"काम शोधलं का काका, गेल्या चार आठवड्यांत?"

"शोधलं."

आईने डोळे मोठे केले.

"काय काय केलंत?"

"पेपरातल्या जाहिराती वाचल्या. रोज. मोठ्याने वाचतो, विचारा हिला, वैताग आणतो."

मी जोरजोरात मान हलवली. ताईने टॅबकडे बघितलं, मामाकडे बघितलं. "त्यातल्या कोणाला फोन केलात? अर्ज? कोणाला जाऊन भेटलात?"

"नाही."

"मग नाही हो धरता येत. आमच्याकडे नुसतं वाचणं म्हणजे शोधणं नाही."

"का?"

"तुम्ही वाचताय हे काम देणाऱ्याला कळतच नाही ना."

मला वाटलं आता मामा चिडणार. पण तो म्हणाला, "हे बरोबर आहे." झालं. पुन्हा आतली खोली. संध्याकाळी बाबा कामावरून आले, बूट काढता काढता म्हणाले, "काय मेहुणे, लागला का निकाल?"

"नापास."

"किती विषयांत?"

"एकाच. तोंडी परीक्षेत."

आई भाजी चिरत होती ती तिथूनच ओरडली की त्याला कशाला छळता, त्याला नाही जमत तर नाही जमत, पुढच्या वेळी मी सांगीन घरात कोणी नाही म्हणून. आणि मला कळलं की आई जितकं त्याला झाकतेय तितका तो पडद्यामागे जातोय, पण हे आईला सांगायचं म्हणजे तिच्या हातात सुरी होती.

मग मीच मामाला घेऊन निघाले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, पेचकस खिशात, आणि रस्ताभर मला पाठ करून दाखवत होता, नमस्कार, मी काचा घासायचो, आपल्याकडे माझ्यासारख्याला काही काम आहे का. वाक्य अगदी फक्कड जमलं. पहिलं दुकान नवीन, मोठं, आत गार हवा, भिंतभर आरसे. मी बाहेर थांबले. काचेतून दिसत होतं, विक्रेता पोरगा पुढे आला, मामा काहीतरी बोलला, पोरगा फ्रेम काढायला लागला, मामा घालून बघायला लागला. एक, मग दुसरी, मग आख्खा खण. अर्ध्या तासाने बाहेर आला तर हातात चष्मा पुसायचं फडकं.

"विचारलंस?"

"फडकं फुकट दिलं."

"मामा, विचारलंस का?"

"वातावरण नव्हतं."

मला काय झालं माहीत नाही, मी तिथेच फुटपाथवर रडायला लागले. लोक बघायला लागले. मामा घाबरला, ते फुकटचं फडकं माझ्या हातात कोंबून म्हणाला, "अगं तू का रडतेस, नोकरी मला नाहीये." मी रडता रडता म्हणाले की तुला एवढं छान येतं आणि तू सगळ्यांचे चष्मे सरळ करत फिरतोस आणि एक वाक्य बोलता येत नाही. दोन चौक नुसते चाललो.

दुसरं दुकान लहान होतं, एका चष्मेवाल्या बाईंचं, एकच टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. या वेळी मी आत गेले, त्याच्या मागे उभी राहिले, पळून जायला वाट राहू नये म्हणून. मामाने स्वतःचा चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसतोय, पुसतोय. बाई वाट बघतायत. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"माझ्यासाठी काही काम आहे का तुमच्याकडे?"

पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं, एवढंच बाहेर पडलं.

"काय येतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"काचा घासतो."

"आता कोण घासतं हो?"

"म्हणून तर विचारत फिरतोय."

बाई हसल्या, चांगल्या हसल्या. "नाही हो दादा. माझं मीच कसंबसं ओढतेय. काम नाही."

बाहेर आलो. मी मनात समजुतीची वाक्यं जुळवत होते. मामा फुटपाथवर उभा, चष्मा अजून हातातच.

"नाही म्हणाली," तो म्हणाला.

"जाऊ दे ना मामा, आपण—"

"एवढंच असतं?"

"म्हणजे?"

"नाही म्हणतात आणि आपण बाहेर येतो. एवढंच?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला पुन्हा रडायला यायला लागलं, पण वेगळं. तीन वर्षं हा माणूस ज्याला घाबरून पडद्यामागे बसला होता ते दोन मिनिटांत होऊन गेलं होतं आणि तो जागच्या जागी होता. मग काय, त्याला आवरणं मुश्कील झालं. शेजारच्या घड्याळवाल्याकडे घुसला, नाही. किल्ल्या बनवणाऱ्याकडे, नाही. रंगाच्या दुकानात पण विचारलं, मी म्हटलं मामा तुला रंगातलं काय कळतं, तर म्हणे विचारायला काय जातंय. पुढचे आठवडे तो रोज कुठे ना कुठे नकार घेऊन यायचा आणि जेवताना रंगवून सांगायचा, कोण कसा नाही म्हणाला. एकाने तर म्हणे नाही म्हणून चहा पाजला.

ताईच्या तिसऱ्या फेरीला आम्ही सगळे हॉलमध्ये. बाबांनी अर्धी रजा टाकली होती, कारण सांगितलं नळवाला येणार आहे.

"गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी एक तास तरी काम?"

"नाही," मामा ठामपणे म्हणाला.

"नाही कसं?" आई मध्ये पडली. "परवा शेजारच्या काकूंच्या चष्म्याची दांडी बसवलीस. त्यांनी डझनभर केळी दिली."

ताईचं बोट हवेत थांबलं. "मोबदला म्हणून दिली?"

मला घाम फुटला. कारण नियम असा आहे की आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं, मग पैसे असोत नाहीतर वस्तू, तर माणूस कामावर धरतात. एवढे नकार गोळा करून मामा केळ्यांपायी थेट हॉलमध्ये जाऊन बसणार होता. आणि आईला तेच हवं होतं, बेरोजगार म्हणण्यापेक्षा तिला केळी चालणार होती.

"मी एकही खाल्लं नाही," मामा म्हणाला. "सगळी हिने खाल्ली."

"कोणी खाल्ली याला महत्त्व नाही काका. वेळ किती लागला?"

"दांडीला? पाच मिनिटं."

"खोटं," आई म्हणाली. "तासभर तिथेच होतास."

मामा टॅबकडे वळला. "पाच मिनिटं दांडी आणि बाकी गप्पा. गप्पा धरतात का हो?"

"गप्पा नाही धरत," सर्व्हेवाली ताई म्हणाली, हसू दाबत. बाबांनी हळूच माझ्या हातावर टाळी दिली.

मग शोधलं का, तर हो, आणि मामाने दुकानं सांगायला सुरुवात केली ती ताईने हात जोडून थांबवली. मग शेवटचा प्रश्न आला. "काम मिळालं तर लगेच सुरू करू शकाल?"

"अहो, त्याची पाठ—" आई सुरू झाली. सवयीने.

"ताई," मामा म्हणाला, आणि तो आईशी बोलत होता. "माझ्या पाठीला काही झालेलं नाही."

"दुकान पण टाकत नाहीये मी. मला आरामही नकोय. मला काम हवंय गं. कोणी उद्या बोलावलं तर उद्या जाईन."

आईने पदर नीट केला, मग परत नीट केला. टॅबवर टक टक झालं. "झालं काका," ताई म्हणाली. "आता तुम्ही बेरोजगार."

मामाने एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायचा आवाज यायला लागला. मला वाटलं आता दोन दिवस अबोला. पण जरा वेळाने गोडाचा वास आला. वाट्या भरून आणल्या, सर्व्हेवाल्या ताईलाही बसवून घेतलं. बाबांनी विचारलं, हे कशाबद्दल? आई फणकाऱ्याने म्हणाली, "भाऊ बेरोजगार झाला माझा," आणि सगळ्यात मोठी वाटी मामाच्या हातात दिली. डोळे लाल होते तिचे, कांदा तर चिरलाच नव्हता.

दोनेक महिन्यांनी, ताईची चौथी फेरी व्हायच्या आधीच, त्या तिमाहीचे आकडे आले. सकाळी टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी लांब चेहरे करून बसलेली, बेरोजगारीचा दर थोडा वाढला. बाबा म्हणाले, "वाढली परत. काही खरं नाही."

मामा पायात बूट चढवत होता. "थांबा. तो आकडा म्हणजे आपलाच ना?"

मी सांगितलं, हो, तू त्यात आहेस, आणि एकटा नाहीस, पाहणीतला एक माणूस म्हणजे त्याच्यासारखे हजारो धरून हिशोब करतात. तू आधी आतल्या खोलीत होतास तेव्हा दरात कुठेच नव्हतास. आता दारात आलास, म्हणून दर वाढला. तसे आणखी कितीतरी जण पडदे सारून बाहेर आले असतील.

"म्हणजे हे सगळे," मामाने तज्ज्ञांकडे बोट केलं, "माझ्यामुळे तोंड पाडून बसलेत?"

"थोडेफार."

"माफी मागून येऊ का?"

"आधी मायक्रोस्कोपवाल्याकडे जा," आई म्हणाली. कॉलेजांतले मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, नकार मागत फिरताना मामाला तो सापडला होता. त्याने नाही म्हटलं नव्हतं, आज येऊन हात दाखवा म्हटलं होतं. मामाच्या कपाळावर घाम होता आणि एका बुटाची नाडी तो तिसऱ्यांदा बांधत होता. आईने त्याची कॉलर सरळ केली.

"नाही म्हणाला तर?" तिने विचारलं, अगदी हळू.

"तर पुढचं दुकान."

"आणि हो म्हणाला तर?"

मामाने नाडीची गाठ आवळली. नकारांचा त्याला आता सराव झाला होता, होकाराचा नव्हता.

"तर त्या तुमच्या सर्व्हेवाल्या ताईला कळवा," तो म्हणाला, "की मी दारातून आत आलोय, आणि आकडा जरा खाली घ्या म्हणावं." आणि जिना उतरायला लागला.